आधी पाणी वाचले, मग खत मोजले

घरातल्या हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीशिवाय पाण्यात झाडे वाढवण्याच्या, टाकीसाठी खत ठरवायला बसले तेव्हा दोन गोष्टी कळणे गरजेचे होते: झाडांना काय लागते आणि माझ्या पाण्यात आधीपासून काय आहे. पहिलीची माहिती ढिगाने मिळते. दुसरी मात्र ज्याची त्यालाच शोधावी लागते, कारण दोन ठिकाणचे पाणी सारखे नसते आणि एकाच ठिकाणचे पाणीसुद्धा वर्षभर सारखे राहत नाही. मातीतल्या झाडाला पाण्यातला थोडाफार दोष खपून जातो. मातीचे कण आणि त्यातला सेंद्रिय भाग बरेच काही धरून ठेवतात, सामूचा, म्हणजे पीएचचा, चढउतार सौम्य करतात. टाकीत असा मध्यस्थ कुणी नसतो. पाण्यात जे असेल ते थेट मुळाशी जाते. म्हणून खताची पाकिटे बाजूला ठेवून मी आधी पाण्याच्या मागे लागले.

सुरुवात दोन मीटरनी केली, एक सामूचा आणि एक ईसीचा, म्हणजे विद्युत वाहकतेचा. मीटर हाती आला की लगेच पाण्यात बुडवायचा मोह होतो, पण त्याआधी तो प्रमाणित करून घ्यायला हवा. सामूसाठी ७.०० आणि ४.०१ ची द्रावणे, ईसीसाठी १.४१३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरचे द्रावण. सामूच्या मीटरची काचेची गोळी नेहमी ओली राहिली पाहिजे, तीही साध्या किंवा शुद्ध पाण्याने नव्हे, तर पोटॅशियम क्लोराइडच्या साठवण द्रावणाने. शुद्ध पाण्यात ठेवलेला प्रोब हळूहळू निकामी होतो. प्रत्येक वेळी नवे द्रावण मिसळण्याआधी मी मीटर तपासून घेते. दर वेळी हे करणे कंटाळवाणे आहे, तरी मी ते टाळत नाही, कारण पुढचे सगळे हिशेब या दोन आकड्यांवर उभे असतात.

ईसीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. बरेच मीटर ईसीऐवजी टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये (पाण्यात हे जवळजवळ मिलिग्रॅम प्रतिलिटरच) दाखवतात. तो आकडा मोजलेला नसतो, ईसीला एका गुणकाने गुणून काढलेला असतो. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ७०० ने. माझ्या नळाच्या पाण्याची ईसी याच मिलिसीमेन्सच्या एककात ०.५८ होती. तेच पाणी एका मीटरवर २९० पीपीएम दिसेल आणि दुसऱ्यावर ४०६. दोन माणसे पीपीएममध्ये बोलत असतील आणि गुणक वेगळे असतील, तर त्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. मी वहीत फक्त ईसी लिहिते.

मीटरने ईसी ०.५८ आणि सामू ७.८ दाखवला. पाण्यात क्षार बऱ्यापैकी आहेत एवढे यावरून समजले. कोणते आहेत ते समजले नाही. ०.५८ ही ईसी कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे असेल तर ते झाडाचे अन्न आहे. सोडियम-क्लोराइडमुळे असेल तर तो निव्वळ बोजा आहे. ईसीच्या मीटरला यातला फरक कळत नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. नळ दोन-तीन मिनिटे वाहू दिला, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली आणि आत हवा राहणार नाही अशी काठोकाठ भरून घट्ट बंद केली. बाटलीत हवा राहिली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि सामू बदलतो. नमुना थंड ठेवून लगेच पोहोचवला. तपासणीत सामू, ईसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट म्हणजेच अल्कलिनिटी, क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेट हवे असे लिहून दिले. 'पिण्यायोग्य आहे' एवढ्या शेऱ्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

अहवाल आला तो असा: कॅल्शियम ५४, मॅग्नेशियम २०, सोडियम ३५, क्लोराइड ४०, सल्फेट २५, पोटॅशियम आणि नायट्रेट नगण्य, अल्कलिनिटी २१०. सगळे मिलिग्रॅम प्रतिलिटर, अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेली.

हे आकडे वापरण्याआधी मी ते एकमेकांशी ताडून पाहिले. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांच्या विद्युतभारांची बेरीज नेहमी समान असते. प्रत्येक आकड्याला त्याच्या सममूल्य भाराने (अणुभार किंवा रेणुभार भागिले विद्युतभार) भागायचे, म्हणजे उत्तर मिलिसममूल्यांत येते: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२, सोडियमला २३. उत्तरे २.७, १.६७ आणि १.५२, बेरीज सुमारे ५.९. दुसऱ्या बाजूला अल्कलिनिटीला ५०, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८. उत्तरे ४.२, १.१३ आणि ०.५२, बेरीज पुन्हा ५.९ च्या आसपास. ही बेरीज १० ने भागली की ढोबळमानाने ईसी येते, म्हणजे इथे ०.५९. मीटर ०.५८ म्हणत होता. तिन्ही गोष्टी जुळल्या आणि अहवालावर माझा विश्वास बसला. कागद-पेन्सिलीने होणारी ही पडताळणी मला फार आवडते. अहवालातला एखादा आकडा चुकीचा असेल, तर तो इथेच पकडला जातो.

आता मुख्य मुद्दा. या अहवालात लक्ष द्यायला हवे ते ७.८ च्या सामूकडे नाही, २१० च्या अल्कलिनिटीकडे. सामू म्हणजे या क्षणी पाणी किती आम्ल किंवा विम्ल आहे याचे माप. अल्कलिनिटी म्हणजे तो सामू बदलायला गेलात तर पाणी किती जोर लावून विरोध करील याचे माप. पाण्यातले बायकार्बोनेट ओतलेल्या आम्लाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनते, आणि ते संपेपर्यंत सामू फारसा खाली उतरत नाही. आरओच्या, म्हणजे फिल्टरने जवळजवळ सगळे क्षार काढलेल्या, पाण्याचा सामू कितीही दिसला तरी आम्लाच्या एक-दोन थेंबांत तो कोसळतो, कारण आत विरोध करणारे काही नसते. उलट माझ्या नळाच्या पाण्यात आम्ल टाकून सामू ५.८ वर आणला आणि हवेचा पंप लावून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर चढलेला दिसे. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की उरलेले बायकार्बोनेट सामू वर ओढते. घरी हायड्रोपोनिक्स करणारे बरेच जण 'सामू टिकत नाही' म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

अल्कलिनिटी घरच्या घरी मोजता येते. माशांच्या टाकीसाठी मिळणारा केएच (कार्बोनेट कठीणता) चाचणी संच त्यासाठी पुरेसा आहे. नमुन्यात एकेक थेंब टाकत जायचे आणि रंग निळ्याचा पिवळा झाला की थेंब मोजायचे. माझ्या संचात एक थेंब म्हणजे एक अंश केएच, म्हणजे सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नळाच्या पाण्याला १२ थेंब लागले, म्हणजे साधारण २१५. प्रयोगशाळेच्या २१० ला हे पुरेसे जवळचे आहे. त्यामुळे पुढच्या नियमित तपासणीसाठी मला दर वेळी नमुना पाठवावा लागत नाही.

मग प्रश्न आला, एवढ्या बायकार्बोनेटचे करायचे काय? पहिला मार्ग आम्लाचा. २१० अल्कलिनिटी म्हणजे प्रतिलिटर ४.२ मिलिसममूल्ये. सामू ५.८ ला न्यायचा तर त्यातली सुमारे ८० टक्के मारावी लागतात, म्हणजे ३.४. फॉस्फोरिक आम्ल वापरले तर प्रत्येक मिलिसममूल्यामागे ३१ पीपीएम फॉस्फरस पाण्यात येतो. ३.४ ला तो १०५ पीपीएम होतो, आणि पालेभाज्यांना लागतो ३० ते ४०. नायट्रिक आम्लाने एका मिलिसममूल्यामागे १४ पीपीएम नत्र येतो आणि तो हिशेबात बसतो, पण तीव्र नायट्रिक आम्ल घरात ठेवणे मला पटले नाही. सायट्रिक आम्ल सुरक्षित आहे, पण सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा वर येतो.

दुसरा मार्ग पाणी सौम्य करण्याचा. मी एक भाग नळाचे आणि दोन भाग आरओचे पाणी असे मिश्रण ठरवले. सगळे आकडे एक तृतीयांश झाले: अल्कलिनिटी ७०, कॅल्शियम १८, मॅग्नेशियम ७, सोडियम १२. अल्कलिनिटी आता १.४ मिलिसममूल्ये. त्यातली १.१ फॉस्फोरिक आम्लाने मारली की फॉस्फरस ३४ पीपीएम येतो, म्हणजे हवा तेवढाच. त्यामुळे ०:५२:३४ हे फॉस्फरसचे खत (हे आकडे म्हणजे पाकिटावरचे नत्र, फॉस्फरस आणि पोटॅशियमचे टक्के) यादीतून पूर्ण निघून गेले. सामू उतरवायला घातलेले आम्लच फॉस्फरसचे खत झाले. हे गणित सुटले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पूर्ण आरओ पाणी का नाही, असे कुणी विचारील. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम फुकट मिळणारे अन्न आहे आणि थोडे बायकार्बोनेट सामूला स्थैर्य देते, ते मला हवे होते. मात्र घरात मीठ वापरणारा सॉफ्टनर असेल, तर त्याचे पाणी या कामाला घेऊ नये. तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो.

क्लोरीनसाठी पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून हवा सोडली की भागते. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते असे उडत नाही. त्याला सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो.

आता खताचा हिशेब, आणि तो वजाबाकीचा आहे. लेट्यूस आणि तुळशीच्या जातींसाठी मी लक्ष्य ठरवले: नत्र १५०, फॉस्फरस ३५, पोटॅशियम १७५, कॅल्शियम १३०, मॅग्नेशियम ४०, लोह २.५ पीपीएम. हॉगलंड आणि आर्नन यांच्या प्रसिद्ध द्रावणात नत्र २१०, पोटॅशियम २३५, कॅल्शियम २०० असे आकडे आहेत. पालेभाज्यांना इतके तीव्र द्रावण लागत नाही.

कॅल्शियम १३० हवे, पाण्यात १८ आहे, तेव्हा ११२ घालायचे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये कॅल्शियम १९ टक्के असते, म्हणून प्रतिलिटर ५९० मिलिग्रॅम. त्यात १५.५ टक्के नत्रही असतो, तो ९१ पीपीएम आपोआप येतो. उरलेला ५९ नत्र पोटॅशियम नायट्रेटमधून, म्हणजे १३:०:४५ मधून घ्यायचा: सुमारे ४६० मिलिग्रॅम. पोटॅशियम त्यात सुमारे ३७ टक्के, म्हणजे १७२ पीपीएम, जवळजवळ लक्ष्याइतकेच. इथे एक काळजी घ्यावी लागते. पाकिटावरचे ४५ हे पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात असतात. खरे पोटॅशियम काढायला ०.८३ ने गुणावे लागते, आणि फॉस्फरससाठी ०.४३६ ने. मॅग्नेशियम ४० पैकी ७ पाण्यात आहे. उरलेल्या ३३ साठी मॅग्नेशियम सल्फेट ३४० मिलिग्रॅम, त्याबरोबर ४४ पीपीएम गंधकही येतो.

लोहासाठी मी डीटीपीए चिलेट घेतले. चिलेट म्हणजे लोहाला धरून ते विरघळलेले ठेवणारे संयुग. ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडू लागते, डीटीपीए सातच्या आसपासपर्यंत टिकते. ११ टक्के लोह असलेले २३ मिलिग्रॅम प्रतिलिटर पुरते. बाकीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांत मॉलिब्डेनम इतके कमी लागते की घरच्या काट्यावर ते तोलता येत नाही. मी १.३ ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवले आहे. त्यातले १० मिलिलिटर घेतले की १३ मिलिग्रॅम येते, तेवढे शंभर लिटरला पुरते. वजनाऐवजी आकारमानाने मोजण्याची ही युक्ती प्रत्येक अतिसूक्ष्म घटकाला लागू पडते.

दर वेळी मिलिग्रॅम तोलत बसण्यापेक्षा मी शंभर पट तीव्र साठा द्रावणे करते, एक लिटर 'अ' आणि एक लिटर 'ब'. 'अ'मध्ये ५९ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २.३ ग्रॅम लोह चिलेट. 'ब'मध्ये ४६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, ३४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि बाकी सूक्ष्म अन्नद्रव्ये. दोन्हींसाठी आरओचेच पाणी. दोन वेगळ्या बाटल्या कशासाठी, हे एका छोट्या ग्लासात पाहून घेतले. दोन्ही साठा द्रावणे थोडी थोडी एकत्र ओतून ठेवली, तर ती गढूळ होतात आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. एक लिटर पाण्यात तो दोन-अडीच ग्रॅमच विरघळतो. फॉस्फेट असते तर कॅल्शियम फॉस्फेटही बसले असते. गाळात गेलेले अन्न झाडाला मिळत नाही. सौम्य टाकीत मात्र हेच घटक एकत्र सुखाने राहतात. बाटल्या गडद रंगाच्या घेतल्या, कारण उजेडाने लोहाचे चिलेट मोडते.

टाकी भरण्याचा क्रम ठरलेला आहे. २० लिटर मिश्र पाणी. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. फॉस्फोरिक आम्ल आधी एक लिटर पाण्यात सौम्य करून घ्यायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. ८५ टक्क्यांचे आम्ल असेल तर २० लिटरला जेमतेम दीड मिलिलिटर लागते. मी हिशेबाच्या तीन चतुर्थांश आधी घालते, ढवळते, मोजते आणि मग उरलेले. त्यानंतर 'अ' २०० मिलिलिटर, नीट ढवळणे, मग 'ब' २०० मिलिलिटर. शेवटी पुन्हा मोजणी. हिशेबाने ईसी १.५ च्या आसपास यायला हवी आणि ती तशीच आली. हा आकडा फार वेगळा आला तर तोलताना किंवा ओतताना कुठेतरी गडबड आहे असे समजायचे आणि रोपे टाकीत ठेवायची नाहीत. कोवळ्या रोपांना मी निम्म्या तीव्रतेपासून सुरुवात करून देते. पाण्याचे तापमानही लिहून ठेवते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मुळांची मागणी मात्र उष्णतेत वाढलेली असते, त्यामुळे गरम टाकीत मुळे कुजण्याचा धोका मोठा.

पुढचे काम रोजच्या निरीक्षणाचे. टाकीतले पाणी कमी होत असताना ईसी वाढत असेल, तर झाड पाणी जास्त पिते आहे आणि द्रावण तीव्र आहे. ईसी घटत असेल तर झाडाला भूक जास्त आहे. स्थिर असेल तर आपले प्रमाण बरोबर. माझ्या टाकीत ईसी किंचित घटत होती आणि सामू रोज थोडा चढत होता. नायट्रेट शोषताना मूळ विम्ल भाग बाहेर सोडते, अमोनियम शोषताना आम्ल. माझ्या द्रावणात अमोनियमचा वाटा फारच कमी होता, म्हणून २० लिटरमागे अर्धा ग्रॅम अमोनियम सल्फेट वाढवले. त्याने ५ पीपीएम अमोनियम नत्र आला आणि सामूची चढण स्पष्टपणे मंदावली. याहून फार वाढवायला मी धजणार नाही. उजेड कमी असताना जादा अमोनियम मुळांना जड जाते. सामू ५.५ ते ६.५ च्या मध्ये असला की मी हात लावत नाही. नेमका ५.८ धरून ठेवण्याच्या हट्टात रोज आम्ल ओतणे झाडाच्या भल्याचे नाही.

टाकीतले पाणी घटले की मी फक्त आरओचे पाणी भरते आणि ईसी बघून 'अ' आणि 'ब' सारख्या मापाने घालते. मिश्र पाण्याने भरत गेले तर प्रत्येक टाकीभर पाण्यामागे आणखी १२ पीपीएम सोडियम जमा होते, ते झाड जवळजवळ घेतच नाही. तरीही काही आठवड्यांनी द्रावण पूर्ण बदलावे लागते. झाड पोटॅशियम आणि नत्र भराभर उचलते, कॅल्शियम सावकाश. ईसी तीच दिसते आणि आतले प्रमाण बिघडलेले असते. जुने द्रावण मी कुंड्यांतल्या मातीच्या झाडांना पाणी मिसळून घालते. ते गटारात किंवा तळ्यात सोडू नये, त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ माजते.

ऋतू बदलला तेव्हा केएच संच पुन्हा काढला. नळाच्या पाण्याला या वेळी नऊच थेंब लागले, म्हणजे अल्कलिनिटी १६१, ३.२ मिलिसममूल्ये. मिश्रणात मला १.४ हवी आहे, म्हणून नळाच्या पाण्याचे प्रमाण १.४ भागिले ३.२, म्हणजे सुमारे ०.४३. आता तीन भाग नळाचे आणि चार भाग आरओचे पाणी घेते. ईसीही त्याच प्रमाणात उतरलेली दिसली, तेव्हा नवा अहवाल येईपर्यंत 'अ' आणि 'ब' चे माप मी तेच ठेवले आहे.